सेट-टॉप बॉक्सला पत्ता कुठून आणायचा? कॉमकास्टचं प्रकरण, २००५ ते २०१४

इंटरनेटचे पत्ते कधी संपले असं विचारलं, तर या क्षेत्रातले लोक ३ फेब्रुवारी २०११ ही तारीख सांगतात. त्या दिवशी आयाना या जागतिक वाटप यंत्रणेने आयपीव्ही४ (इंटरनेटचा जुना पत्तासंच, पुढे नुसतं व्ही४) पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना एकेक करून देऊन टाकले. पण कॉमकास्ट या अमेरिकी केबल कंपनीकडचे पत्ते त्याच्या सहा वर्षं आधी, २००५ मध्येच संपले होते. आणि संपले ते भलतेच. १० या आकड्याने सुरू होणारे खासगी पत्ते कोणाकडे मागावे लागत नाहीत, त्यांना भाडं नसतं, ज्याने त्याने आपल्या कुंपणाच्या आत हवे तसे वापरायचे असतात. गावाच्या धरणात अजून पाणी होतं, आटली ती घरची विहीर.

पुढे येणाऱ्या उपकरणांना पत्ते पुरतील का, या प्रश्नावर बोलताना नव्या पत्त्यांची संख्या वाळूच्या कणांशी ताडून पाहायची पद्धत पडली आहे. त्याने हाती काही लागत नाही. एका कंपनीला एका उपकरणासाठी नेमके किती पत्ते लागले, ते का कमी पडले, आणि आयपीव्ही६ (पुढे नुसतं व्ही६) हा भलामोठा नवा पत्तासंच समोर असूनही तो सगळीकडे चालू व्हायला नऊ वर्षं का गेली, हे पाहिलं की घोडं कुठे अडतं ते कळतं.

दहा कोटींचा हिशेब

जून २००६ मध्ये सॅन होजे इथे नॅनॉगची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या जाळेचालकांची सभा भरली होती. तिथे कॉमकास्टचे आलाँ द्युराँ यांनी हिशेब मांडला. केबल टीव्हीचे ग्राहक २ कोटी. घरटी सरासरी अडीच सेट-टॉप बॉक्स. दर बॉक्सला २ आयपी पत्ते. गुणाकार १० कोटी. आणि १०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंतच्या गटात, ज्याला जाळेवाले ‘नेट टेन’ म्हणतात, पत्ते आहेत १,६७,७७,२१६. गरज त्याच्या सहापट. यात इंटरनेटचे मोडेम आणि टेलिफोन धरलेलेच नाहीत.

एका बॉक्सला दोन पत्ते कशाला? कारण वरून एकच डबा दिसला तरी आत दोन यंत्रं असतात. एक छोटा केबल मोडेम, तो कंपनीच्या जाळ्याशी बोलतो. दुसरा टीव्हीचं काम करणारा संगणक, तो मागणीनुसार चित्रपट मागवतो, कार्यक्रमांचं वेळापत्रक उतरवून घेतो. दोघांना जाळ्यावर वेगवेगळी ओळख लागते. केबलवरच्या टेलिफोनचंही तसंच, मोडेमचा पत्ता वेगळा आणि आवाजाच्या अडॅप्टरचा वेगळा. नुसतं इंटरनेट घेणाऱ्या घराला एक-दोन पत्ते पुरत. तेच घर टीव्ही, फोन आणि इंटरनेट असं तिन्ही घेऊ लागलं, की आकडा ८-९ वर जाई. घर तेच, माणसं तेवढीच, वाढले ते घरामागचे पत्ते.

आता यातला खटकणारा भाग. २००५ अखेर कॉमकास्टकडे इंटरनेटचे ग्राहक सुमारे ८५ लाख होते. मोडेम ८५ लाख आणि पत्ते १ कोटी ६७ लाख, तरी पत्ते संपले कसे? निम्मे गेले कुठे?

पत्ते सुटे देता येत नाहीत, ते दोनाच्या घातात कापलेल्या सबनेटमधूनच, म्हणजे सलग पत्त्यांच्या तुकड्यांतूनच द्यावे लागतात. केबल कंपनीच्या केंद्रात सीएमटीएस नावाचं यंत्र असतं आणि वस्तीतले मोडेम त्याच्या एकेका पोर्टवर येऊन मिळतात. समजा एका पोर्टमागे १,१०० मोडेम आहेत. १,०२४ पत्त्यांचा सबनेट घेतला, तर पहिला आणि शेवटचा पत्ता वापरता येत नाही आणि एक सीएमटीएसलाच लागतो. उरले १,०२१. पुरत नाहीत. मग २,०४८ चा घ्या. वापरायला २,०४५, त्यातले भरले १,१००, म्हणजे ५४ टक्के. बाकीचे ९४५ पत्ते शेजारच्या पोर्टला उसने देता येत नाहीत. १,०२४ ला १२८ चं ठिगळ जोडता येतं, आणि पत्त्यांची चणचण असली की सगळेच जोडतात. पण दर ठिगळामागे डीएचसीपीची (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेची) एक नोंद, राउटरमधली एक ओळ आणि फायरवॉलचे दोन-चार नियम वाढतात. काही वर्षांनी त्यातली कुठली ओळ कशासाठी होती, हे सांगणारं कोणी उरत नाही.

शिवाय वस्तीतला वापर वाढला की पोर्ट दोनात फोडावा लागतो. सगळे मोडेम एका रात्रीत इकडचे तिकडे होत नाहीत, म्हणून काही काळ दोन्हीकडे मोकळे पत्ते राखावे लागतात. ही राखीव जागा कागदावर वाया गेलेली दिसते, प्रत्यक्षात तिच्यावाचून जाळं हलवता येत नाही.

द्युराँ यांना हे गणित नवं नव्हतं. क्रिस्तियाँ ह्युतेमा यांच्यासोबत त्यांनीच नोव्हेंबर २००१ मध्ये आरएफसी ३१९४ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या क्रमांकित मालिकेतला एक) लिहिला होता. त्यात पत्त्यांच्या वापराची घनता लॉगॅरिदमने मोजली आहे: वापरात असलेल्या पत्त्यांचा लॉग भागिले एकूण पत्त्यांचा लॉग. हा आकडा ८० टक्क्यांच्या आत असेल तर निवांत, ८५ ला दुखायला लागतं, ८७ ही व्यवहारातली शेवटची पायरी. नेट टेनला ८७ टक्के लावले तर वापरता येणारे पत्ते निघतात जेमतेम १९ लाख. ८५ लाख मोडेम म्हणजे जवळपास ९६ टक्के. कॉमकास्टने नेट टेन उधळलं नव्हतं, रस निघून गेलेला ऊस पुन्हा पुन्हा चरकात घालावा तसं पिळलं होतं.

नॅट का चाललं नसतं

घरचा वायफाय राउटर वीस उपकरणं एका पत्त्यामागे झाकतो, याला नॅट म्हणतात. तेच इथे का करू नये? कारण इथे बोलण्याची दिशा उलटी आहे. घरातला लॅपटॉप स्वतःहून बाहेर हाक मारतो आणि राउटर ती हाक लक्षात ठेवून उत्तर आत सोडतो. केबल मोडेमला मात्र हाक कंपनी मारते. सिग्नलची पातळी विचारायला एसएनएमपीने (यंत्रांची दुरून विचारपूस करायच्या पद्धतीने), नवं फर्मवेअर चढवायला, ग्राहकाने फोन केला की दुरून रीसेट द्यायला. ज्याला बाहेरून हाक मारायची, त्याचा पत्ता एकमेव असावा लागतो. नॅटमागे बसलेलं यंत्र बोलू शकतं, पण त्याला बोलावता येत नाही. हेच कारण पुढे मीटर, कॅमेरे, पंप, सिग्नलचे खांब या सगळ्यांना लागू पडतं. म्हणून ‘नॅट आहे की’ हे उत्तर उपकरणांच्या बाबतीत अर्धंच आहे.

उरलेले पर्याय असे होते. जाळ्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात नेट टेन नव्याने वापरायचं. ऐकायला सोपं. पण मग १०.२४.७.९ हा पत्ता फिलाडेल्फियात एका मोडेमचा आणि डेन्व्हरमध्ये दुसऱ्याचा. यंत्रांचा प्रत्येक लॉग, म्हणजे घडामोडींची वही, प्रत्येक तक्रारीची नोंद, प्रत्येक डेटाबेस यांत ‘कुठल्या तुकड्यातला’ हा रकाना घालावा लागतो, आणि ज्या सॉफ्टवेअरात तो राहील तिथून चुकीच्या शहरातला मोडेम रीसेट होतो. कॉमकास्टने २००२ मध्ये एटी अँड टी ब्रॉडबँड घेतली होती आणि २००६ मध्ये अ‍ॅडेल्फियाच्या जाळ्याचा मोठा भाग घेतला. विकत घेतलेली जाळी अशी जोडायची म्हटली, की दोन्हीकडचं नेट टेन एकमेकांवर आपटण्याची धास्ती असतेच.

दुसरा मार्ग सार्वजनिक पत्ते मागण्याचा. तो कंपनीने अवलंबलाही. एप्रिल २००५ मध्ये एरिन या अमेरिकी नोंदणी संस्थेकडून ७३ ने सुरू होणारा गट मिळाला आणि मोडेम त्यात हलवले गेले. पण तो गटही १ कोटी ६७ लाखांचाच. दोन्ही मिळून ३ कोटी ३५ लाख, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश. १० कोटी पत्ते म्हणजे असे सहा गट. २०११ मध्ये साऱ्या जगात वाटायला उरले होते पाच.

विकत घ्यायचे तर? २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. त्या दराने कॉमकास्टची तूट भरायला सुमारे ७५ कोटी डॉलर लागले असते, तेही एवढा माल बाजारात असता तर.

तिसरी पळवाट म्हणजे ‘डार्क स्पेस’. दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर असलेले, पण इंटरनेटवर कधी न दिसणारे पत्ते आपल्या जाळ्यात गुपचूप वापरायचे. मालक झोपलेला आहे तोवर चालतं. अमेरिकी संरक्षण खात्याचे ११ ने सुरू होणारे पत्ते जगभर असेच वापरले जात होते, आणि जानेवारी २०२१ मध्ये ते अचानक इंटरनेटवर जाहीर होऊ लागले. दुसऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावणाऱ्याचं होतं तेच.

आधी यंत्रांना, मग ग्राहकांना

कॉमकास्टने आयपीव्ही६ निवडलं यात नवल नाही. नवल क्रमाचं आहे. बहुतेकांना वाटतं की व्ही६ म्हणजे ग्राहकाला व्ही६ देणं. इथे आधी फक्त देखभालीच्या बाजूला, म्हणजे मोडेम, सेट-टॉप बॉक्स आणि टेलिफोन अडॅप्टर यांना व्ही६ द्यायचं ठरलं. ग्राहकाच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. या निवडीत शहाणपण आहे. ग्राहकाला व्ही६ दिलं तर समोरची वेबसाइट व्ही६ वर आहे की नाही, त्याचा राउटर जुना आहे का, त्याचा गेम चालेल का, हे सगळं आपल्या गळ्यात येतं. देखभालीच्या बोलण्यात दोन्ही टोकं कंपनीचीच. मोडेम तिचा, सर्व्हर तिचा, मधली केबलही तिचीच. आणि पत्त्यांची सहापट गरज याच बाजूला होती.

काम गाभ्याकडून कडेकडे न्यायचं ठरलं. आधी देशभरचा कणा, मग प्रादेशिक जाळी, मग सीएमटीएस, शेवटी मोडेम. गाभ्यात दोन्ही पत्ते चालतील, कडेला नुसतं व्ही६. उलट क्रमाने गेलं तर मोडेमला पत्ता मिळतो, पण त्याने पाठवलेलं पाकीट परतीची वाट शोधत मध्येच मरतं.

केबलचं तांत्रिक मानकही बदलावं लागलं. डॉक्सिस ३.० हे मानक ऑगस्ट २००६ मध्ये आलं आणि व्ही६ त्यात मुळापासून होतं. त्यात मोडेम कसा उठतो ते पाहण्यासारखं आहे. वीज मिळाली की तो आधी वरून येणारी वारंवारिता शोधतो. सीएमटीएस तिथे एमडीडी नावाचा निरोप सतत पाठवत असतो आणि त्यात एक खूण असते, पत्ता कुठला घ्यायचा याची: फक्त व्ही४, फक्त व्ही६, दोन्ही, किंवा आधी व्ही६ आणि नाही जमलं तर व्ही४. मग मोडेम सीएमटीएसशी वेळ आणि सिग्नलची ताकद जुळवून घेतो. व्ही६ सांगितलं असेल तर तो स्वतःपुरता एक स्थानिक पत्ता बनवतो, तो आणखी कोणाचा नाही ना हे विचारतो आणि राउटरला हाक देतो. राउटर सांगतो, ‘पत्ता डीएचसीपीकडून घे’. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते. कोणी आहे का? मी आहे, हा घे पत्ता. तोच दे. दिला. या शेवटच्या निरोपाला जोडून केबललॅब्जच्या (केबलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) ४४९१ या क्रमांकाखाली टीएफटीपी (फाइल उतरवून देणाऱ्या) सर्व्हरचा पत्ता आणि उतरवून घ्यायच्या फाइलचं नाव येतं. फाइल उतरली, नोंदणी झाली, की दिवे स्थिर होतात.

व्ही६ मध्ये उपकरण स्वतःचा पत्ता स्वतः बनवू शकतं. ती सोय इथे मुद्दाम टाळली आहे. कुठल्या मोडेमला कुठला पत्ता दिला, याची वही कंपनीकडे हवी. यंत्रांनी आपापले पत्ते ठरवले तर ती वही कोण लिहिणार?

बदल्यात सबनेट कापायचं दुखणं संपलं. दर पोर्टला एक /६४ द्यायचा (१२८ पैकी पहिले ६४ बिट ठरलेले, बाकीचे मोकळे असा गट; रेघेनंतरचा आकडा लहान तितका गट मोठा), त्यात १,१०० मोडेम बसवा नाहीतर १,१०,०००. ठिगळ नाही, राखीव जागा नाही. ज्यांनी कधी रात्री दोनला सबनेट वाढवला आहे, त्यांना या एका ओळीचं मोल वेगळं सांगायला नको.

काय मोडतं

राउटर बदलणं यातला सोपा भाग. मोडतं ते मागच्या खोलीतलं सॉफ्टवेअर: बिलिंग, तक्रार नोंद, साठा, अहवाल.

पहिला बळी डेटाबेसमधला रकाना. व्ही४ पत्ता जास्तीत जास्त १५ अक्षरांचा असतो (२५५.२५५.२५५.२५५ मोजून पाहा), म्हणून कोणीतरी कधीतरी रकाना १५ चा ठेवलेला असतो. व्ही६ पत्ता ३९ पर्यंत जातो. मोठा मजकूर आला की काही डेटाबेस ओरडतात, काही गुपचूप कापतात. आता २००१:५५८:४०२०:१२::२५ आणि २००१:५५८:४०२०:१२::२६ हे एकाच पोर्टवरचे दोन मोडेम घ्या. पंधराव्या अक्षराला कापलं की दोघांचं होतं २००१:५५८:४०२०:१. त्या पोर्टमागचे झाडून सगळे मोडेम अहवालात एकच यंत्र दिसायला लागतात. कुठेही लाल दिवा लागत नाही. महिनाअखेरीला ‘मोडेम कमी का झाले’ असा प्रश्न येतो तेव्हा शोध सुरू होतो.

दुसरं, एकच पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. वरचाच पत्ता २००१:०५५८:४०२०:००१२:००००:००००:००००:००२५ असाही बरोबर आहे. त्यात हेक्साडेसिमलची (सोळा चिन्हांच्या मोजणीची) ए ते एफ अक्षरं कोणी मोठी लिहितो, कोणी लहान. राउटरच्या लॉगमध्ये आखूड रूप आणि डेटाबेसात लांब, असं झालं की शोध लावूनही नोंद सापडत नाही आणि ‘हा मोडेम आमचा नाहीच’ असं उत्तर जातं. लिहिण्याची एक ठरलेली रीत आरएफसी ५९५२ ने सांगितली, पण ती आली ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर ज्याने जे साठवलं ते साठवलं. यावर उपाय एकच आहे, पत्ता मजकूर म्हणून न ठेवता १२८ बिटांचा आकडा म्हणून ठेवायचा आणि दाखवताना मजकूर बनवायचा.

तिसरं, ओळख. व्ही४ च्या डीएचसीपीत मोडेम त्याच्या मॅक पत्त्यावरून (कारखान्यातच दिलेल्या ओळख-आकड्यावरून) ओळखला जाई, तोच डब्याच्या मागे स्टिकरवर छापलेला असतो. डीएचसीपीच्या व्ही६ रूपात ओळख डीयूआयडी नावाच्या वेगळ्याच आकड्याने होते. गोदामातली सगळी कागदपत्रं मात्र मॅकवर चालतात. म्हणून केबललॅब्जने मॅक पत्ता वेगळा पाठवायची तरतूद मानकातच करून ठेवली. ही तरतूद नसलेलं उपकरण घेतलं, की स्टिकर आणि नोंदवही यांची सांगड माणसाने हाताने घालायची.

सगळ्यात फसवा मात्र ‘आधी व्ही६, नाही जमलं तर व्ही४’ हा पर्याय. मोडेम व्ही६ मागतो, कुठेतरी चूक असते, तो मुकाट व्ही४ घेऊन चालू होतो. ग्राहकाची तक्रार नाही, पडद्यावर सगळं हिरवं, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ते व्ही४ पत्ते मोकळे होतच नाहीत. ‘किती मोडेम चालू’ हे मोजून ही चूक कधीच सापडत नाही. पोर्टगणिक व्ही४ चे किती पत्ते अजून अडकलेले आहेत, हे मोजावं लागतं.

पुढे ग्राहकांच्या घरांना पत्त्यांचे गट देताना आणखी एक खाच निघते. घराला दिलेल्या गटाची वाट सीएमटीएसच्या स्मरणात असते. सीएमटीएस रीबूट झाला की ती पुसली जाते, आणि घरातला राउटर मात्र ‘माझा पत्ता अजून चालू आहे’ म्हणून स्वस्थ बसतो. घरातून पाकीट जातं, उत्तर परत येत नाही. यासाठी सीएमटीएसने डीएचसीपी सर्व्हरला ‘माझ्या खालच्या सगळ्यांची यादी दे’ असं एका दमात विचारण्याची सोय आरएफसी ५४६० मध्ये आहे. विकत घेताना ती आहे का हे पाहायचं असतं. फायरवॉलवर सरसकट आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणी कळवणारे निरोप) बंद करायची जुनी खोडही इथे महागात पडते. व्ही६ मध्ये मधले राउटर पाकिटाचे तुकडे करत नाहीत, ‘पाकीट मोठं आहे’ असा निरोप आयसीएमपीनेच पाठवतात. तो अडवला की छोटं पान उघडतं आणि मोठी फाइल मध्येच लटकते.

ग्राहकांपर्यंत

ग्राहकांसाठी कॉमकास्टने २०१० मध्ये वेगवेगळ्या पद्धतींच्या चाचण्या घेतल्या. व्ही४ च्या बोगद्यातून व्ही६ नेणं, व्ही६ च्या बोगद्यातून व्ही४ नेणं (ही पद्धत, डीएस-लाइट, द्युराँ आणि सहकाऱ्यांनीच आरएफसी ६३३३ मध्ये मांडली), आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवणं. शेवटी दोन्ही शेजारी चालवायचं ठरलं. बोगदे नकोत, कारण बिघाड शोधताना बोगद्यात डोकावता येत नाही. जानेवारी २०११ मध्ये कोलोराडोत पहिले मोजके ग्राहक जोडले गेले, ६ जून २०१२ च्या जागतिक आयपीव्ही६ प्रारंभात कंपनी सामील झाली, आणि २०१४ मध्ये साऱ्या ब्रॉडबँड जाळ्यात व्ही६ पोहोचलं.

मग पुरतील का

कॉमकास्टच्या घरगुती ग्राहकांचे व्ही६ पत्ते २६०१::/२० या गटातून येतात. त्याला तीच मोजपट्टी लावून पाहू. एका घराला /६० द्यायचा असं धरलं, तर /२० आणि /६० मध्ये ४० बिटांचं अंतर. म्हणजे १,०९,९५१ कोटी घरं. द्युराँ-ह्युतेमा यांची निवांत ८० टक्क्यांची पायरी लावली, तर ४० चे ८० टक्के ३२ बिट, म्हणजे ४२९ कोटी घरं. ४२९ कोटी ही आयपीव्ही४ मधल्या एकूण पत्त्यांची संख्या. ऐसपैस, सढळ हाताने वापरूनही एका कंपनीच्या एका गटात इतकी घरं बसतात, की व्ही४ मधला प्रत्येक पत्ता एकेक घर व्हावा. आणि सध्या वाटपासाठी उघडलेल्या व्ही६ च्या एक अष्टमांश भागातच असे १,३१,०७२ गट आहेत.

तेव्हा वरच्या पातळीवर तुटवडा नाही. तो खाली, घराच्या उंबरठ्यावर, माणसं निर्माण करतात. घराला एकच /६४ दिला तर त्यात उपकरणं कितीही मावतील, पण घराचे वेगळे कप्पे पाडता येत नाहीत. पाहुण्यांचं वायफाय वेगळं, कॅमेरे वेगळे, दिवे आणि कुलपांचं कमी विजेवर चालणारं थ्रेड जाळं वेगळं, अशा प्रत्येक कप्प्याला स्वतःचा /६४ लागतो. /६० दिला तर कप्पे १६, /५६ दिला तर २५६. कंजूष वाटप झालं की लोक पुन्हा नॅट लावतात, आणि मग दिव्याला बाहेरून हाक मारता येत नाही म्हणून तो परदेशातल्या सर्व्हरशी दिवसभर जोडणी धरून बसतो. आयपीव्ही४ ची सवय अंगात इतकी मुरली आहे, की अफाट साठ्यावर बसूनही हात आखडताच राहतो.

छोट्या उपकरणांचं दुखणं वेगळं आहे. थ्रेडसारख्या रेडिओचं पाकीट १२७ बाइटचं असतं आणि व्ही६ चं नुसतं शीर्षकच ४० बाइटचं. म्हणून ६लोपॅन नावाचा मधला थर शीर्षक आवळतो आणि पाकिटाचे तुकडे करतो. आरएफसी ४९४४ मध्ये २००७ साली हे ठरलं. पत्ते पुष्कळ आहेत, पण ते हवेतून वाहून न्यायला बॅटरी लागते.

आपल्याकडचा असाच हिशेब विजेच्या मीटरचा आहे. देशात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं उद्दिष्ट केंद्राच्या योजनेत आहे. एकट्या महावितरणचे ग्राहक अडीच कोटींच्या वर आहेत, म्हणजे मीटरला एकच पत्ता धरला तरी एका राज्यातल्या एका कंपनीला नेट टेन पुरत नाही. मोबाइलमध्ये हा टप्पा आधीच ओलांडला गेला. २०१६ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या जिओने फोनला व्ही६ दिलं आणि जुन्या व्ही४ साठी ४६४एक्सलॅटची (व्ही४ चं बोलणं व्ही६ जाळ्यातून नेणाऱ्या तंत्राची) जोड दिली. पण फोन स्वतः हाक मारतो. मीटरला ‘रीडिंग दे’, ‘पुरवठा तोड’, ‘पुरवठा जोड’ असं बाहेरून सांगावं लागतं, म्हणून तो कॉमकास्टच्या मोडेमच्या जातीचा. निविदेत ‘आयपीव्ही६ सक्षम’ एवढे दोन शब्द लिहून मीटर विकत घेता येतो. माल ताब्यात घेण्यापूर्वी एकाच सबनेटमधले दोन मीटर लावावेत, शेवटचे आकडे फक्त वेगळे असलेले, आणि त्यातल्या एकालाच पुरवठा तोडायचा आदेश द्यावा. दोन्ही दिवे विझले, की हेड-एंडच्या (सगळ्या मीटरांशी बोलणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेच्या) डेटाबेसात कुठेतरी पंधरा अक्षरांचा रकाना बसलेला नाही ना, ते आधी उघडून पाहावं.